अखंड क्रिया आणि तिच्या मर्यादा

संगणकशास्त्रातील 'ॲटॉमिक ऑपरेशन' या संज्ञेला मराठीत 'अणुक्रिया' म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा, असे माझे मत आहे. आपल्या बोलण्यात अणू म्हणजे अतिसूक्ष्म. मूळ ग्रीक शब्दात मात्र 'जे कापता येत नाही' हा अर्थ प्रधान आहे. म्हणून मी येथे 'अखंड क्रिया' असा शब्द योजतो. झाली तर पूर्ण होते, नाहीतर मुळीच होत नाही आणि अर्धवट अवस्थेत जी कोणाच्या दृष्टीस पडत नाही, ती अखंड क्रिया. जन्मभर मराठी शिकविणाऱ्याने या प्रांतात का शिरावे, अशी शंका श्रोत्यांना येईल. परंतु येथील पुष्कळसे घोटाळे 'अखंड' या शब्दाकडून भलत्याच अपेक्षा बाळगल्याने होतात, म्हणून हे धाडस.

समजा, भोपाळ स्थानकावर एकच बर्थ शिल्लक आहे आणि दोन खिडक्यांवरील कारकून एकाच क्षणी यादी पाहतात. दोघांनाही ती जागा रिकामी दिसते. दोघेही आपापल्या प्रवाशाचे नाव लिहितात. पाहणे बिनचूक, लिहिणेही बिनचूक; घोटाळा दोहोंमधल्या फटीत आहे. जुना उपाय कुलपाचा. एकाने यादी ताब्यात घ्यावी, तोवर दुसऱ्याने थांबावे. पण ताबा घेणाराच रेंगाळला तर साऱ्या खिडक्या खोळंबतात. म्हणून कुलपाविना चालणारी रीत निघाली. तिचा आधार एक जोडक्रिया: 'मी पाहिलेले मूल्य अजून तेच असेल तरच नवे लिही.' आय.बी.एम.च्या सिस्टिम/३७० या यंत्रमालिकेत १९७० च्या दशकात ही आज्ञा यंत्रातच बसविली गेली.

ती फट जीवघेणी ठरू शकते. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रामुळे जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणमात्रा मिळाली. त्यांतील काही दगावले. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या अपघातांची चिकित्सा प्रसिद्ध केली. समाईक खूण 'तपासणे' आणि 'बदलणे' या क्रिया तेथे अखंड नव्हत्या, हे तीत नमूद आहे.

जोडक्रियेने ही फट बुजते खरी, पण 'मूल्य तेच आहे' म्हणजे 'मधल्या काळात काही घडले नाही' असे नव्हे. टेबलावर फायलींची चवड आहे: वर क, तिच्याखाली ख, तळाशी ग. एक कारकून मनाशी ठरवतो, 'क उचलली की ख वर येईल'. तेवढ्यात त्याला साहेबांचे बोलावणे येते. त्याच्यामागे दुसरा कारकून क आणि ख दोन्ही उचलतो, ख रद्दीत देतो आणि क पुन्हा ग वर ठेवतो. पहिला परततो. वर क दिसते, तेव्हा निर्धास्तपणे ती उचलून तो वहीत लिहितो, 'आता वर ख'. ख तर रद्दीत गेलेली. आणि ग आहे, याची नोंद कोठेच उरत नाही. संगणकात रद्दीतल्या त्या जागेवर एव्हाना भलताच मजकूर लिहिला गेलेला असतो. जाणकार याला 'ए-बी-ए'चा पेच म्हणतात. वर्षानुवर्षे सुरळीत चाललेली प्रणाली एखाद्या गर्दीच्या दिवशी यामुळे कोलमडते आणि तपासायला जावे तो तिचा माग सापडत नाही.

यावर उपाय आवक-जावक वहीसारखा. प्रत्येक फेरफाराला वाढता क्रमांक द्यावा आणि मूल्य व क्रमांक एकदमच तपासावेत. मात्र क्रमांकाची घरे अपुरी असली की तो फिरून शून्यावर येतो. थेरॅकच्या जानेवारी १९८७ मधील अपघातात नेमका एका बाइटचा आकडा २५५ नंतर शून्य झाला होता, आणि शून्याचा अर्थ 'तपासणी नको' असा होता. त्या आकड्याचे प्रयोजन निराळे होते, पण धडा लागू पडतो.

आणखी एक अपेक्षा क्रमाची. शिपायाने निकालाचा कागद फलकावर लावून मग घंटा द्यावी, असा शाळेचा शिरस्ता. संगणकात कागद आधी लावला तरी दुसऱ्या प्रक्रियकाला घंटा आधी ऐकू येऊ शकते. वेगासाठी यंत्र आणि अनुवादक आज्ञावली क्रम बदलतात. घंटेचा ठोका अखंड असतो, पण कागदाची हमी तो देत नाही. पवईच्या आय.आय.टी.तून १९८७ साली पदवी घेतलेल्या सरिता अडवे यांनी मार्क हिल यांच्यासह १९९० साली या अराजकाला एक करार सुचविला: कार्यप्रवाह परस्परांना कोठे भेटतात त्या जागा लिहिणाऱ्याने स्पष्ट सांगाव्यात; मग यंत्राने सारे काही क्रमानेच घडल्यासारखे दाखवावे. पुढे जावा आणि २०११ ची सी++ यांच्या नियमांना याच विचाराचा पाया लाभला. त्या कामातही अडवे यांचा वाटा होता.

सी++ मध्ये काही सांगितले नाही तर अखंड क्रिया कडक क्रम पाळतात. त्याखेरीज एक 'शिथिल' पर्यायही आहे. त्यात अखंडता राहते, पण भोवतीच्या मजकुराच्या क्रमाची हमी जाते. वेगाच्या हौसेने तो सर्रास वापरला जातो, हे मला पसंत नाही. सभागृहात किती माणसे आली एवढे मोजायला तो पुरेसा आहे. निकालाच्या घंटेला नाही.