बाटलीत तगलं, म्हणजे शेतात तगेल?

शिरोळ-वाळव्याकडचे शेतकरी मला हमखास विचारतात, "मॅडम, क्षारपडीत येईल असं टोमॅटोचं रोप तुमच्या लॅबमध्ये होत नाही का?" उसाला वर्षानुवर्षं मोकाट पाणी सोडून कृष्णाकाठची काळी जमीन आधी चिबड झाली, मग वर पांढरं मीठ फुटलं. त्यांचा प्रश्न रास्तच आहे.

आमच्या ऊतिसंवर्धन लॅबमधली मिठाची चाचणी तशी सोपी. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली तंबाखूच्या पेशींसाठी बसवलेलं पोषक माध्यम आजही जगभर चालतं. त्यात लिटरला ३० ग्रॅम साखर आणि घट्ट होण्यापुरतं अगर. पहिल्या रांगेतल्या बाटल्यांत एवढंच. पुढच्या रांगांत लिटरमागे ३, ६ आणि ९ ग्रॅम मीठ जास्तीचं. समुद्राच्या पाण्यात क्षार ३५ ग्रॅमच्या घरात असतात, त्यावरून अंदाज यावा. ऑटोक्लेव्हमधून काढलेलं माध्यम थंड झालं की लॅमिनारच्या निर्जंतुक हवेपुढे बसून टोमॅटोचे कोंब लावायचे. काही आठवड्यांत फरक डोळ्यांना दिसतो: ३ ग्रॅमवाले जरा ठेंगणे पण हिरवे, ६ मध्ये मुळं आखूड, खालची पानं कडेनं पिवळी, ९ मध्ये बऱ्याच कोंबांना मूळच फुटत नाही.

मीठ दोनदा मारतं. आधी पाणी ओढणं जड होतं. ओल समोर असूनही रोप तहानलेलं. मग सोडियम आत शिरून पोटॅशियमची जागा बळकावतं आणि पेशीची कामं बिघडतात. चिवट रोपं प्रोलिनसारखी द्रव्यं साठवून आत पाणी धरून ठेवतात आणि सोडियम पेशीतल्या रिक्तिकेत कोंडतात, अडगळ माळ्यावर टाकावी तसं. हे कोंडण्याचं काम करणारं, ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या रोपाचं जनुक झांग आणि ब्लुमवाल्ड या संशोधकांनी टोमॅटोत घातलं. २००१ साली त्यांनी दाखवलं की अशी झाडं लिटरला १२ ग्रॅमच्या आसपास मिठातही फळतात. सोडियम पानांत साठतं, फळात फार कमी उतरतं.

ऐकून कोणीही हुरळेल, पण मला बाटलीचा भरवसा अर्धाच वाटतो. आतली हवा इतकी दमट की पानांतून पाणी जवळजवळ उडतच नाही. एप्रिलच्या उन्हात पान पाणी फेकतं आणि त्या ओढीबरोबर मीठ वर चढतं. बाटलीत ही परीक्षा होतच नाही. साखर आयती मिळते ती वेगळीच. मिठावर पोसलेला कॅलस, म्हणजे पेशींचा आकारहीन गोळाही फसवा निघतो: बिनमिठाच्या माध्यमात काही पिढ्या वाढवला की पुष्कळदा त्याची सहनशक्ती ओसरते. ती निव्वळ सवय असते, जनुकांत उतरलेली नसते. आणि सोडियमनं घट्ट झालेल्या चोपण जमिनीत मुळांना हवाही मिळत नाही. त्याची चाचणी अगरमध्ये कशी घेणार? बाटलीचा उपयोग वाणांची चाळण करायला. उरलेली रोपं कुंडीत, मग खाऱ्या वाफ्यात घालायचीच.

म्हणून विचारणाऱ्याला मी आधी मातीची ईसी, म्हणजे विद्युतवाहकतेवरून मोजलेली क्षारता, तपासायला लावते. टोमॅटो अडीच डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत निभावतो, पुढे प्रत्येक एककाला उत्पादन दहाएक टक्क्यांनी घटतं. बीट चारपर्यंत कुरकुरत नाही. आकडा त्याच्याही वर गेलेला असेल तर रोपांचे पैसे आधी निचऱ्याच्या पाइपांत घाला, असं मी सांगते. हे ऐकायला कोणी लॅबमध्ये आलेलं नसतं.