वाइन आणि तिचें भांडें

भातसा नदीच्या कांठचें खडवली मागें टाकून कसाऱ्याकडे जाणारा लोहमार्ग पुढें घाट चढून नाशिकच्या द्राक्षमळ्यांत पोंचतो. घाटाखालीं, ठाण्याच्या किनाऱ्याकडे, ताडाचा रस मडक्यांत धरण्याची चाल जुनी आहे. घाटावर द्राक्षांचा रस पोलादी टांक्यांत आंबतो. रस निराळे, पण भांड्याचा न्याय एकच.

ताडाच्या मडक्यास आंतून चुना लावला, तर रस गोड राहून नीरा मिळते. चुना नसला आणि कालच्या रसाचा अंश चिकटून असला, तर किण्व तत्काळ कामास लागतें व कांहीं तासांत ताडी होते. झाड तेंच, रस तोच. भेद केवळ मडक्याचा.

द्राक्षरसांतील साखरेचा किण्व मद्यार्क करतें, तेव्हां उष्णता उत्पन्न होते. नाशिकची वाइनचीं द्राक्षें साधारणतः जानेवारी ते मार्च या काळांत तोडतात, म्हणजे उन्हाळा दाराशींच असतो. रस फार तापला तर सुगंध उडून जातो, किण्व मध्येंच मरतें आणि वाइन बिघडते. पोलादी टांकीभोंवतीं थंड द्रव खेळविला, कीं पांढरी वाइन १२ ते १८ अंश सेंटिग्रेडवर संथपणें आंबते. पोलाद हवा आंत येऊं देत नाहीं व स्वतःची चवही देत नाहीं. म्हणून फळाचा ताजेपणा टिकतो. सुला कंपनीनें २००० सालीं प्रथम बाजारांत आणलेली सोव्हिन्याँ ब्लाँ याच वळणाची.

ओकच्या पिंपाची रीत उलट आहे. सुमारें २२५ लिटरच्या पिंपांत लांकडावाटे किंचित हवा शिरते व तांबड्या वाइनचा तुरटपणा मवाळ होतो. आंतून भाजलेलें लांकूड व्हॅनिला व मसाल्यांचा गंध देतें. तीनचार हंगामांनंतर मात्र ही शक्ति सरते. हलक्या वाइनला हाच गंध दडपून टाकतो.

मातीचें भांडें हवा घेतें, पण लांकडाचा गंध देत नाहीं. जॉर्जिया देशांत जमिनींत पुरलेल्या रांजणांस आंतून मेण फांसतात. द्राक्षासव करणारे वैद्य मडक्यास तूप चोळीत. दोहोंचा हेतु मातीचीं छिद्रें बुजविण्याचा.

भांड्यानें वाईट रस चांगला होत नाहीं. परंतु चांगल्या रसाला कोणतें वळण लागावें, हें भांडेंच ठरवितें. म्हणून जाणता कारागीर द्राक्षें तोडण्यापूर्वींच भांडें निवडून ठेवतो.