फुंकर घालण्याआधी

सॅक्सोफोन आपण सर्वांनी ऐकलेला असतो. जवळून पाहिलेला मात्र थोड्यांनी, आणि हातात घेतलेला त्याहून थोड्यांनी. 'आराधना' (१९६९) मधले किशोरकुमारचे ते पावसाळी रात्रीचे गाणे आठवावे. त्यातला घोगरा, अंगाला बिलगणारा सूर मनोहारी सिंग यांचा. कोलकात्याहून मुंबईत आलेल्या या वादकाने २०१० साली निधन होईपर्यंत हिंदी चित्रपटसंगीतात सॅक्सोफोनला स्वतःची जागा मिळवून दिली. त्यांच्या आसपास गोव्याचे कितीतरी वादक होते. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून आलेले, धोबीतलावच्या कुडांत राहून दिवसा स्टुडिओत वाजवणारे. आपण गाणे गुणगुणलो, त्यांची नावे विचारली नाहीत.

आता जोगेश्वरीसारख्या उपनगरातही हे वाद्य शिकावेसे वाटणारी माणसे भेटतात, आणि ती बहुधा दोन वयांची असतात. एक, दहावी नुकतीच संपलेला मुलगा. दुसरे, नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थ. मुलाला घरचे म्हणतात, 'आधी अभ्यास.' गृहस्थांना म्हणतात, 'आता या वयात?' दोघांच्याही बाजूने काही व्यावहारिक गोष्टी सांगाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

हे वाद्य बेल्जियमच्या अडॉल्फ साक्स या कारागिराने घडवले आणि १८४६ मध्ये पॅरिसला त्याचे पेटंट घेतले. लष्करी बँडमधल्या लाकडी आणि पितळी वाद्यांमधली पोकळी भरून काढावी, ही त्याची कल्पना. म्हणून अंग पितळेचे, पण आवाज निघतो तो बोरूच्या जातीच्या एका पातळ पत्तीच्या कंपनातून. सनईत दोन पत्त्या, इथे एक, नाते भाऊबंदकीचे. साक्सने कोर्टकज्जे केले, अनेकदा दिवाळे काढले आणि १८९४ मध्ये तो गरिबीतच वारला. बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला हा खातेदार बुडीत वाटेल, पण त्याची ठेव जगभर अजून वाजते आहे.

हे वाद्य आपल्या रागसंगीताला मानवत नाही, असे कोणी म्हणालेच तर कद्री गोपालनाथ यांचे नाव सांगावे. दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या नागस्वरम वाजवणाऱ्याच्या या मुलाने म्हैसूर राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन पाहिला आणि पुढची कित्येक वर्षे तो कर्नाटक संगीताला वळवण्यात घालवली. १९९४ मध्ये ते लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसीच्या 'प्रॉम्स' महोत्सवात वाजवत होते.

आता खरेदीकडे वळू. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बॅरिटोन ही नेहमीची चार भावंडे. नवशिक्याने आल्टो घ्यावा, असे बहुतेक शिक्षक सांगतात. सरळ नळीचा सोप्रानो दिसायला सुटसुटीत, पण सुरात ठेवायला हट्टी. टेनरला श्वास अधिक लागतो आणि त्याचे वजन साडेतीन किलोच्या आसपास. आल्टो अडीच किलोच्या आसपास. हे सगळे वजन गळ्यातल्या पट्ट्यावर येते. मान दुखणाऱ्यांनी खांद्यांवरून घ्यायचा दुहेरी पट्टा घ्यावा. कवळी असेल किंवा रक्तदाब, हर्नियाचा त्रास असेल, तर दुकानाआधी डॉक्टरांकडे जावे. बोटांची ठेवण चारही वाद्यांत जवळजवळ सारखीच असल्यामुळे पुढे टेनरकडे जाता येते.

पेटीवर गाणाऱ्या घरात एक गोंधळ ठरलेला. आल्टोवर 'सी' म्हणून लिहिलेला स्वर वाजवला की पेटीवरची काळी दोन निघते. टेनरवर काळी पाच. वाद्य बिघडलेले नसते, त्याची बांधणीच तशी. भजनाला किंवा घरातल्या गाण्याला साथ करायची असेल, तर शिक्षकांना हे पहिल्याच दिवशी सांगावे.

किमतीचे म्हणाल, तर साध्या, बहुधा चिनी बनावटीच्या आल्टोला काही दहा हजार रुपये पडतात आणि यामाहासारख्या नावाजलेल्या कंपनीचे विद्यार्थ्यांसाठीचे वाद्य लाखाच्या घरात जाते. मध्यमवर्गीय घरात हा आकडा ऐकून चहा थंड होतो. पण जुने, निगा राखलेले चांगले वाद्य नव्या स्वस्त वाद्यापेक्षा पुष्कळदा बरे. जोगेश्वरीहून धीमी लोकल धरावी, मरीन लाइन्सला उतरावे आणि धोबीतलावच्या दुकानांत हिंडावे. फुर्ताडोज तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. पहिल्या फेरीत पैसे घेऊन जाऊ नये, शिक्षकांना मात्र घेऊन जावे.

कारण खरी मेख इथे आहे. सॅक्सोफोनच्या अंगावर वीसेक भोके असतात आणि प्रत्येकावर चामड्याची गादी असलेले झाकण. त्यातले एक जरी केसभर उघडे राहिले तरी हवा गळते आणि खालचे स्वर निघत नाहीत, निघाले तर बेडकासारखे. जाणकार माणूस नळीत बारीक दिवा सोडतो, झाकणे मिटतो आणि कुठून उजेड दिसतो ते पाहतो. शिवाय तो सर्वांत खालचा स्वर हळू फुंकून बघतो, मानेला पोचा आहे का हे तपासतो, किल्ल्या सैल वाजतात का हे कान देऊन ऐकतो. नवशिक्याला यातले काही कळत नाही. सूर लागला नाही की तो वाद्याला दोष देत नाही, स्वतःला देतो. 'आपल्यात कलाच नाही' म्हणून सहा महिन्यांत पेटी माळ्यावर जाते. वाद्य गळके निघते आणि माणूस स्वतःला नापास करतो. पासष्टाव्या वर्षी असे नापास होणे फार लागते. पंधराव्या वर्षी ते आयुष्यभर पुरते.

म्हणून थोडे पैसे बाजूला ठेवावेत: बऱ्या माउथपीससाठी आणि दोन किंवा त्याहून हलक्या नंबरच्या पत्त्यांच्या खोक्यासाठी. एका खोक्यात बहुधा १० पत्त्या असतात. सगळ्याच चांगल्या निघतील अशी आशा करू नये. पावसाळ्यात वाजवून झाल्यावर नळीतून फडके ओढून ती कोरडी करावी आणि पत्ती काढून सुकवावी. नाहीतर गाद्या चिकटतात आणि पत्तीवर बुरशी धरते.

राहिले शेजारी. ट्रम्पेटच्या तोंडात बोळा घालून आवाज दाबता येतो. सॅक्सोफोनचा आवाज अंगावरच्या साऱ्या भोकांतून बाहेर पडतो. ४०० चौरस फुटांच्या घरात हा मोठाच प्रश्न. कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटासमोर उभे राहून वाजवावे, रोज अर्धा तासच आणि ठरलेल्या वेळी. रात्री दहानंतर तर नाहीच. आणि पहिला सूर काढण्यापूर्वी वरच्या, खालच्या आणि समोरच्या घरी जाऊन सांगून यावे. निम्मी भांडणे आगाऊ सूचनेने मिटतात.

पहिले काही आठवडे घरात म्हैस हंबरल्यासारखे आवाज येतील. मुलाचे असोत की आजोबांचे, घरच्यांनी हसू आवरावे. वाद्य तपासून घेतलेले असेल, तर एका संध्याकाळी तो लांब, सरळ सूर लागेल, आणि स्वयंपाकघरातले कोणीतरी हातातले काम थांबवून ऐकेल.