रोवलेल्या दाताचा सांधा

आम्ही दंतवैद्य नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे शिक्षण कारखान्यात व्हाइसपाशी आणि युनियनच्या कचेरीतल्या जुन्या पुस्तकांवर झाले. मग दातांवर बोलायला उभे का राहिलो? आमच्या एका सभासदाने पतपेढीचे कर्ज काढून एक दाढ रोवून घेतली. वर्षाच्या आत ती डुगडुगू लागली, तोंडाला घाण येऊ लागली. "तुम्ही फार जोराने चावता," असे त्याला सांगण्यात आले. आम्ही मात्र सांध्याची चौकशी केली.

हाडात आटे पाडलेला टायटॅनियमचा खुंटा, त्यावर जोडतुकडा, त्यावर दाताची टोपी, अशी ही रचना. टायटॅनियम व हाड एकजीव होतात, हे स्वीडनमधील ब्रॉनेमार्क यांना १९५२ साली सशांवरील प्रयोगांत आढळले. १९६५ साली त्यांनी पहिल्या रोग्याला असे खुंटे बसविले. हाडाचे साधले. कटकट उरली ती खुंटा व जोडतुकडा यांच्यामधल्या सांध्याची.

त्यांच्या खुंट्याच्या माथ्यावर षट्कोन असे, उंची अवघी ०.७ मिलिमीटर. तो मुळात खुंटा हाडात पिळताना हत्यार अडकविण्यासाठी होता. पुढे एकेकटा दात बसवू लागले, तेव्हा दाताचे फिरणे अडविण्याचे कामही त्याच्याच गळ्यात पडले. कोणताही फिटर सांगेल, एवढ्याशा उंचीवर आडवा धक्का पेलत नाही. भार स्क्रूवर येतो.

स्क्रू तरी धरतो कसा? पिळल्याने तो किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे दोन्ही तुकडे आवळून धरतो. ही आवळ चावण्याच्या जोराला पुरून उरते तोवर सांधा उघडत नाही. पुष्कळ बनावटींत ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर पीळ सांगितलेला असतो. म्हणजे एक सेंटिमीटर दांडीच्या टोकाला तीन-साडेतीन किलो. बोटांच्या अंदाजाने हे जमत नाही, मोजणारा पान्हा लागतो. शिवाय धातूचे बारीक उंचवटे दबले की आवळ थोडी उतरते, म्हणून दहाएक मिनिटांनी पुन्हा पिळावे. आमच्या सभासदाचे ते दुसरे पिळणे झाले होते काय? कागदावर काहीच नव्हते.

सांधा ढिला झाला की चावताना फट उघडते, मिटते. भात्यासारखी लाळ आत ओढली जाते. जंतू मायक्रॉनभर, फट काही मायक्रॉनची. त्यांना ती वेसच झाली. आतल्या पोकळीत ते वस्ती करतात. दुर्गंधी तेथली, हिरडी सुजून हाडही झिजू शकते.

लेथवाल्यांना यावरचा एक उपाय जुनाच ठाऊक आहे. अमेरिकेतल्या स्टीफन मोर्स यांनी एकोणिसाव्या शतकात टेपर काढला. टेलस्टॉकच्या भोकात ड्रिल दाबून बसविले की घर्षणानेच घट्ट राहते. खुंट्याच्या पोटात तसा निमुळता शंकू केला की आडवा धक्का त्याच्या भिंती घेतात, स्क्रूला विसावा मिळतो आणि गळती घटते. घटते, बंद होत नाही; "हवाबंद" म्हणणाऱ्या जाहिराती आम्हाला पटत नाहीत.

दुसऱ्या दंतवैद्यांनी दाढ उघडली तेव्हा स्क्रू बोटाने फिरत होता. आतली पोकळी धुऊन, नवा स्क्रू मोजून पिळला. खुंट्याची बनावट, माप व दिलेला पीळ आमच्या सभासदाने या वेळी लिहून मागितला, आणि तो कागद पतपेढीच्या पासबुकात ठेवला आहे.