तापाला नाव ठेवण्याआधी

गडचिरोलीत भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या तालुक्यांत किंवा चंद्रपुरातल्या जिवतीच्या डोंगरावर पावसाळा सुरू झाला की ताप येतो, आणि ताप येण्याआधीच त्याचे नाव तयार असते. कुणी म्हणतो पाणी लागले, कुणी म्हणतो थंडीताप आहे, तालुक्याच्या गावातला माणूस म्हणतो टायफॉइड निघाला, आणि हातात प्रयोगशाळेचा कागद असलेला म्हणतो, पेशी कमी झाल्या, म्हणजे डेंग्यूच. यातला प्रत्येक जण आपापल्या अनुभवाने बोलतो आणि कधीकधी बरोबरही ठरतो. पण सगळ्यांची चूक एकाच जागी होते. रोगाचे नाव ते तापाकडे बघून ठरवतात. महाराष्ट्रातल्या हिवतापाच्या रुग्णांपैकी फार मोठा वाटा वर्षानुवर्षे एकट्या गडचिरोली जिल्ह्यातून येतो. अशा मुलखात ताप हे फक्त लक्षण आहे आणि रोगाचे नाव रक्तातच सापडते, एवढी एक गोष्ट पटली तर बाकीचे बरेच गैरसमज आपोआप गळून पडतात.

सर्वांत जुना समज असा की, हिवताप म्हणजे एक दिवसाआड भरणारी हुडहुडी. आधी थंडी, मग ताप, मग घाम, आणि मधला दिवस मोकळा. हे वर्णन खोटे नाही. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरतो, वाढतो, आणि साधारण 48 तासांनी पेशी फोडून बाहेर पडतो. अशा असंख्य पेशी एकाच वेळी फुटल्या की अंगात थंडी भरते. पण त्यासाठी सगळ्या परजीवींचे वेळापत्रक जुळावे लागते, आणि गडचिरोलीच्या जंगलात जो प्रकार सर्वाधिक घातक ठरतो त्या फॅल्सिपेरमचे ते अनेकदा जुळतच नाही. ताप सलग राहतो, कमीजास्त होतो. लहान मुलात तर उलट्या, जुलाब, खोकला किंवा नुसती सुस्ती एवढेच दिसते. शिवाय फॅल्सिपेरमने ग्रासलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात. मेंदूत हे घडले की झटके येतात, शुद्ध हरपते, माणूस बरळू लागतो. यालाच आपण मेंदूचा मलेरिया म्हणतो. म्हणून 'उद्या पुन्हा थंडी वाजली तर बघू' हे वाक्य धोक्याचे आहे. या प्रकारात बिघडायला एक-दोन दिवसही पुरतात.

दुसरा समज हवेचा आणि घाणीचा. मलेरिया या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी खराब हवा. 1880 मध्ये लावेराँ यांना रुग्णाच्या रक्तात परजीवी दिसला आणि 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात तो शोधला, तेव्हा हवेवरचा आरोप मागे घ्यायला हवा होता. तो घेतला गेला, पण त्याच्या जागी गटार आले. गाव स्वच्छ ठेवा, मलेरिया पळवा, असे फलक आजही दिसतात. गाव स्वच्छ जरूर ठेवावे, पण हिवतापाच्या डासाला गटाराचे फारसे आकर्षण नाही. ग्रामीण भागात हा रोग मुख्यतः पसरवणारा ॲनोफेलीस क्युलिसिफेसीस तुलनेने स्वच्छ, संथ पाण्यात अंडी घालतो: धानाच्या बांध्या, ओसरलेल्या नाल्यातली डबकी, पाझराचे पाणी. डोंगराळ भागातला ॲनोफेलीस फ्लुव्हिएटिलीस तर झुळझुळ वाहत्या ओढ्याच्या काठाशी वाढतो. घाणेरड्या पाण्यात वाढतो तो हत्तीपायाचा क्युलेक्स, आणि घरातल्या रांजणात, टायरमध्ये, कुलरमध्ये वाढतो तो डेंग्यूचा एडिस. एडिस दिवसा चावतो, दुसरे दोघे संध्याकाळनंतर. हिवताप हा केवळ जंगलाचा रोग आहे असेही नाही. मुंबईत ॲनोफेलीस स्टेफेन्साय गच्चीवरच्या टाक्यांत वाढतो आणि तोच रोग पसरवतो. डास ओळखल्याशिवाय त्याच्यावर उपाय चालत नाही, आणि धूरफवारणीचे यंत्र रस्त्याने फिरले की काम झाले असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ॲनोफेलीससाठी घराच्या भिंतींवरची फवारणी आणि औषध लावलेली मच्छरदाणी हीच मुख्य शस्त्रे आहेत. अर्थात रात्री धानाची राखण करायला शेतात झोपणाऱ्या किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात उघड्यावर मुक्काम करणाऱ्या माणसाला घरातली मच्छरदाणी वाचवत नाही, हेही खरेच. तिथे मच्छरदाणी बरोबर न्यावी लागते.

आता शिकलेल्या लोकांच्या गैरसमजाकडे येतो, कारण त्यावर फार कमी बोलले जाते. बाजाराच्या गावात कुठल्याही तापाला विडाल तपासणी लिहून दिली जाते आणि ती 'पॉझिटिव्ह' आली की टायफॉइडचा शिक्का बसतो. विडाल यांनी ही तपासणी 1896 मध्ये मांडली. ती टायफॉइडचा जंतू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये मोजते. ज्या भागात टायफॉइड नेहमीचा आहे तिथे ही प्रतिद्रव्ये जुन्या संसर्गामुळे निरोगी माणसाच्या रक्तातही असतात. हिवतापासारख्या दुसऱ्या रोगातही ती वाढलेली दिसू शकतात. म्हणजे हिवतापाच्या रुग्णाची विडाल केली तर ती पॉझिटिव्ह येण्याची शक्यता बरीच असते, आणि मग 'टायफॉइड-मलेरिया दोन्ही' असे जोडनाव पडते. दोन्ही रोग एकाच वेळी होऊच शकत नाहीत असे नाही, पण विडालच्या एका कागदावरून ते सिद्ध होत नाही. टायफॉइड सिद्ध होतो तो रक्तातून जंतू वाढवून पाहणाऱ्या तपासणीने, तीही प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी आणि शक्यतो पहिल्या आठवड्यात केली तर. प्लेटलेटचेही तेच. त्या कमी झाल्या की डेंग्यू, हे समीकरण शहरातून आले आणि जंगलात जसेच्या तसे रुजले. हिवतापातही प्लेटलेट हमखास म्हणावे इतक्या वेळा उतरतात, आणि स्क्रब टायफसमध्येही उतरू शकतात. हा गवतातल्या बारीक चिगर माइटच्या चाव्याने होणारा ताप 2018 मध्ये विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळला होता. त्यात काखेत किंवा जांघेत काळपट खपलीचा व्रण सापडू शकतो, आणि डॉक्सिसायक्लिनने तो आटोक्यात येतो. पण अंग तपासलेच नाही तर व्रण दिसणार कसा? प्लेटलेटचा आकडा प्रकृती किती ढासळली एवढेच सांगतो, कोणी ढासळवली ते सांगत नाही. त्या आकड्याच्या भरवशावर पपईच्या पानांचा रस पाजत बसलेल्या घरात फॅल्सिपेरमला मोकळे रान मिळते.

इथे एक आक्षेप ठरलेला आहे. लोक आधी पुजाऱ्याकडे जातात, म्हणून रुग्ण दगावतात. मग दोष तपासणीचा की अंधश्रद्धेचा? पुजाऱ्याकडे जाण्यात वेळ जातो हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सुई आणि सलाईनवरचा विश्वास ही काय वेगळी गोष्ट आहे? रक्त न तपासता एक इंजेक्शन, एक बाटली आणि तीन रंगांच्या गोळ्या देऊन ताप उतरवणारा दवाखानाही तेवढाच वेळ खातो, वर पैसेही घेतो. पॅरासिटामॉलने हिवतापाचा तापही काही तास उतरतोच. परजीवी मात्र तिथेच असतो. सुई मोलाची आहे ती गंभीर हिवतापात, आणि तीही आर्टेसुनेटची. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह चार देशांतल्या 1461 रुग्णांच्या अभ्यासात क्विनाइनऐवजी आर्टेसुनेट दिल्याने मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले. गुण त्या औषधाचा आणि ते वेळेवर मिळण्याचा. सुईची टोच अंगाला लागली म्हणून कोणी बरे होत नाही. आणि एक सांगायला हवे: जिथे गावातच औषधाचा साठा असलेली प्रशिक्षित व्यक्ती असते, तिथे लोक तिच्याकडे जातात. गडचिरोलीतच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने बालकांच्या न्यूमोनियावर गावपातळीच्या कार्यकर्त्यांकडून उपचार करवून बालमृत्यू कमी करून दाखवले, आणि तो अभ्यास 1990 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. औषध माणसाच्या दारात पोचले की अंधश्रद्धेचे कारण बरेचसे लंगडे पडते.

मग प्रत्येक तापाला सरळ हिवतापाच्याच गोळ्या का देऊ नयेत? हा प्रश्न गैर नाही. काही दशके आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने तेच केले. ताप दिसला की रक्तनमुना घ्यायचा आणि अहवालाची वाट न पाहता प्रौढाला क्लोरोक्विनच्या चार गोळ्या द्यायच्या. काचपट्टीचा अहवाल यायला आठवडे लागत, त्या काळी दुसरा इलाजही नव्हता. पण अर्धवट मात्रेने सगळे परजीवी मरत नाहीत, त्यातले चिवट तेवढे उरतात. 1973 मध्ये आसामात क्लोरोक्विनला न जुमानणारा फॅल्सिपेरम भारतात प्रथम आढळला आणि नंतर तो पसरत गेला. शिवाय हिवतापाच्या गोळ्या दिल्या की न्यूमोनिया, टायफॉइड, स्क्रब टायफस यांचा शोध तिथेच थांबतो. 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आधी तपासणी, मग उपचार असा नियमच केला. आता आशाताईच्या पिशवीत असलेल्या रॅपिड किटवर बोटातल्या रक्ताचा एक थेंब टाकला की 15-20 मिनिटांत फॅल्सिपेरम (पीएफ) की व्हायव्हॅक्स (पीव्ही) ते कळते, वीज लागत नाही, सूक्ष्मदर्शक लागत नाही. 'किट खोटी निघते' ही तक्रार काही अंशी खरी आहे. रक्तात परजीवी फार थोडे असतील तर ती चुकते. उलट फॅल्सिपेरम बरा झाल्यावरही काही आठवडे ती पॉझिटिव्ह दाखवू शकते, कारण ती शोधत असलेले प्रथिन रक्तात रेंगाळते. म्हणून किट निगेटिव्ह आली आणि ताप हटला नाही, तर पुन्हा तपासावे, काचपट्टीही करावी. अंदाजापेक्षा चुकणारी तपासणी बरी, कारण तिची चूक कुठे होते ते आपल्याला ठाऊक असते.

'मलेरिया एकदा अंगात शिरला की जात नाही' हा समज अर्धवट उपचारातून जन्मला आहे. व्हायव्हॅक्स प्रकारातले काही परजीवी यकृतात निद्रिस्त राहतात आणि आठवड्यांनी, महिन्यांनी जागे होऊन पुन्हा ताप आणतात. क्लोरोक्विनचे 3 दिवस रक्तातले परजीवी संपवतात. यकृतातल्यांसाठी 14 दिवस प्रायमाक्विन घ्यावे लागते. तिसऱ्या दिवशी ताप जातो, शेतात रोवणी खोळंबलेली असते, आणि उरलेल्या गोळ्या कुडाच्या भिंतीत खोचल्या जातात. फॅल्सिपेरमला आर्टेमिसिनिनवर आधारित जोडऔषध 3 दिवस आणि प्रायमाक्विनची एक मात्रा लागते. ती मात्रा रुग्णाला बरे वाटावे म्हणून नसते, त्याच्याकडून डासाला लागण होऊ नये म्हणून असते. प्रायमाक्विन गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला देत नाहीत, आणि जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांत त्याने तांबड्या पेशी फुटू शकतात. 14 दिवसांत लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून दवाखाना गाठावा. गडचिरोली-चंद्रपुरात आणखी एक घातक समज आहे: सिकलसेलवाल्याला मलेरिया होत नाही. एकच जनुक बदललेल्या वाहकाला गंभीर हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी 1954 मध्ये दाखवले. वाहकाला लागण मात्र होते. आणि ज्याला प्रत्यक्ष सिकलसेल आजार आहे त्याच्यासाठी हिवताप इतरांपेक्षा अधिक धोक्याचा असतो. वाहक आणि रुग्ण यांतला फरक न समजल्याने संरक्षणाची गोष्ट नेमकी चुकीच्या माणसाला सांगितली जाते.

शेवटचा गैरसमज पहिल्याच्या उलट आहे: ताप नाही, म्हणजे हिवताप नाही. जिथे लागण वारंवार होते तिथे मोठ्या माणसांचे शरीर परजीवीला अर्धेमुर्धे सोसायला शिकते. माणूस कामावर जातो, आणि त्याला चावलेला डास पुढे शेजारच्या बाळाला चावतो. इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडने 2020 मध्ये 'मलेरियामुक्त बस्तर' मोहिमेत घरोघरी सगळ्यांचे रक्त तपासले, तेव्हा बाधितांपैकी निम्म्याहून अधिकांना काहीच लक्षण नव्हते. ओडिशाने 2017 पासून दुर्गम पाड्यांवर ताप असो-नसो सर्वांची तपासणी आणि उपचार सुरू केले. इतर उपायांची जोड होतीच. राज्यातले रुग्ण 2016 मधल्या सुमारे 4 लाख 45 हजारांवरून 2018 मध्ये सुमारे 66 हजारांवर आले. धडधाकट माणसाचे बोट टोचायला आरोग्यसेवक येतो तो यासाठी. हत्तीपायाच्या सर्वेक्षणाला तो रात्री का येतो, असाही प्रश्न गावात विचारला जातो. त्या रोगाचे जंतू रात्रीच बाहेरच्या रक्तात उतरतात, दिवसा सापडत नाहीत. आकडे उतरले की ढिलाई करायची नसते, हेही आपण पैसे मोजून शिकलो आहोत. 1965 मध्ये देशात हिवतापाचे सुमारे 1 लाख रुग्ण उरले होते, 1976 मध्ये ते 64 लाखांवर गेले.

हे सारे जंगलातल्या वाचकासाठीच आहे असे नाही. ताडोबा पाहून आलेले पर्यटक, भामरागडहून सुट्टीवर घरी गेलेले पोलीस जवान, हेमलकशाची शिबिरे करून परतलेले विद्यार्थी यांना ताप येतो तो पुण्यात, साताऱ्यात, ठाण्यात. फॅल्सिपेरमचा ताप चावल्यापासून बहुधा आठवड्यानंतर आणि महिनाभराच्या आत उमटतो, व्हायव्हॅक्सचा कित्येक महिन्यांनीही. तिथल्या डॉक्टरच्या डोक्यात डेंग्यू आणि टायफॉइड असतात. तुम्ही कुठे जाऊन आलात हे त्यांना दिसत नाही. ते न विचारता सांगा, आणि हिवतापासाठी रक्त तपासायला लावा.