विश्लेषण : त्वचा ताठ करणारा ‘स्क्लेरोडर्मा’ नसांवरही घाला घालतो?

हातांना मुंग्या येणे, बोटे बधिर होणे या तक्रारी स्क्लेरोडर्माच्या रुग्णांत अनेकदा ‘थंडीचा त्रास’ म्हणून सोडून दिल्या जातात. प्रत्यक्षात हा नसांवरील परिणाम असू शकतो आणि त्यावर वेळीच उपचार होऊ शकतात.

स्क्लेरोडर्मा म्हणजे काय?

शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटल्याने होणाऱ्या आजारांपैकी हा एक. यात सूक्ष्म रक्तवाहिन्या खराब होतात आणि कोलॅजेन हे प्रथिन प्रमाणाबाहेर साठते. त्वचा जाड व ताठ होते. फुप्फुसे, अन्ननलिका, मूत्रपिंडेही बाधित होऊ शकतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा आजार जास्त आढळतो. चित्रकार पॉल क्ले यांना हाच आजार असावा, असे मानले जाते. त्यांचा स्मृतिदिन, २९ जून, जागतिक स्क्लेरोडर्मा दिन म्हणून पाळला जातो.

नसांना इजा कशी होते?

नसांनाही रक्तपुरवठा लागतो आणि तो अतिशय बारीक वाहिन्यांतून होतो. त्याच अरुंद झाल्या की नस उपाशी राहते. दुसरे कारण दाबाचे. मनगटातील अरुंद बोगद्यातून जाणारी नस भोवतालच्या सुजलेल्या, जाड झालेल्या ऊतींत दबते. यालाच ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ म्हणतात. तिसरे कारण पोटातले. आतड्यांची हालचाल मंदावल्याने तिथे जिवाणू वाढतात, ब-१२ जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही आणि त्याच्या कमतरतेने नसा कमकुवत होतात.

लक्षणे कशी ओळखायची?

थंडीत बोटे आधी पांढरी, मग निळी आणि ऊब मिळताच लाल होणे, हा ‘रेनॉड’चा झटका. तो ओसरला की बोटे पूर्ववत होतात. नसांचा त्रास मात्र उन्हाळ्यातही टिकतो. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येऊन झोपमोड होत असेल, तर मनगटातील नस दबल्याची शक्यता असते. चेहऱ्याची संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल नस बाधित झाल्यास गाल, ओठ बधिर होतात. दोन्ही पायांत तळव्यांपासून वर चढत जाणारी बधिरताही आढळते.

निदान कसे होते?

नसांतून विद्युतसंकेत किती वेगाने जातो, हे ‘नर्व्ह कंडक्शन’ चाचणीत मोजतात. मात्र अगदी बारीक तंतूंची इजा यात सुटू शकते. सोबत रक्तातील साखर, ब-१२ आणि थायरॉइडची तपासणी केली जाते. आपल्याकडे कुष्ठरोगाची शक्यताही पडताळावी लागते. त्यात त्वचेवरील चट्टा बधिर असतो आणि नस जाड लागते.

उपचार काय?

कारणानुसार उपचार बदलतात. मनगटाला रात्री आधारपट्टी, गरज पडल्यास छोटी शस्त्रक्रिया, ब-१२ ची इंजेक्शने किंवा गोळ्या, नसांच्या वेदनेसाठी वेगळी औषधे. धोका आहे तो परस्पर स्टिरॉइड घेण्यात. स्क्लेरोडर्मात स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रेमुळे रक्तदाब अचानक वाढून मूत्रपिंडे निकामी होण्याची जोखीम वाढते.

कोणती काळजी घ्यावी?

बधिर बोटांना चटका कळत नाही आणि या आजारात जखम भरायलाही वेळ लागतो. त्यामुळे तवा, गरम भांडी हाताळताना जाड फडके वापरावे, पाणी कोपराने तपासावे, बोटे रोज नीट पाहावीत. पकड सैल होणे, हातातून वस्तू निसटणे सुरू झाल्यास पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये; संधिवाततज्ज्ञांना लगेच दाखवावे.