चार दिवसांची साधने

‘कावळा शिवला’, ‘बाहेर बसली’, ‘अडचण आली’! मासिक पाळीचे नाव न घेता ती सांगण्यासाठी मराठी घरांनी किती तरी शब्दप्रयोग घडविले. एका स्वाभाविक शरीरधर्माभोवती एवढा आडपडदा उभा राहिल्यावर त्या दिवसांत वापरावयाच्या साधनांची चर्चाही पडद्याआडच राहावी, यात नवल नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून शरीराविषयी मोकळेपणाने बोलण्याचा आग्रह धरला, त्याला आता शतक होत आले. तरीही औषधाच्या दुकानात पॅडचा पुडा मागितला की दुकानदार तो काळ्या पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळूनच हाती देतो. हा लपवालपवीचा संस्कार केवळ शिष्टाचाराचा असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु कोणते साधन निवडावे आणि वापरून झाल्यावर त्याचे काय करावे, या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी तोच आहे.

पूर्वी घराघरांत जुन्या लुगड्याच्या किंवा धोतराच्या घड्या वापरल्या जात. मऊ सुती कापड हे वस्तुतः उत्तम शोषक. ते धुता येते, वर्षभर पुरते आणि जीर्ण झाल्यावर मातीत मिसळून जाते. मग ते बदनाम का झाले? कापडाचा त्यात दोष नव्हता. कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून ते अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या लुगड्याखाली वाळत घातले जाई. धड वाळण्यापूर्वीच पुन्हा वापरले जाई. ओलसर कापडात जंतू वाढतात आणि अंगाला खाज, पुरळ, जंतुसंसर्ग यांचा त्रास होतो. कापडाला हवे होते साबण, भरपूर पाणी आणि रणरणते ऊन. पहिल्या दोन गोष्टी दारिद्र्याने नाकारल्या, तिसरी लज्जेने.

अशा स्थितीत विकतचे पॅड आले. पहिल्या महायुद्धात जखमा बांधण्यासाठी लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या शोषक पट्ट्यांतून त्याची कल्पना निघाली व १९२० साली अमेरिकेत ते बाजारात आले. भारतात ते दीर्घकाळ शहरी सुखवस्तू घरांपुरतेच होते. आज चित्र पालटले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ६४ टक्के स्त्रिया बाजारी पॅड वापरीत असल्याचे आढळले. कापड वापरणाऱ्याही ५० टक्के होत्या, कारण पुष्कळजणी दोन्ही वापरतात. मुलीला शाळेत निर्धास्त बसता यावे, नोकरदार स्त्रीला लांबचा प्रवास करता यावा, ही सोय लहान नव्हे. पर्यावरणाच्या नावाखाली तिला नावे ठेवणे सोपे आहे. विशेषतः ज्यांना ती कधी लागलीच नाही, त्यांना.

परंतु या पॅडची रचना उलगडून पाहिली पाहिजे. वरचा मऊ पापुद्रा बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा, तळाचा जलरोधक थर पॉलिएथिलीनचा, आणि मधल्या लगद्यात आपल्या वजनाच्या अनेक पट द्रव शोषणारी कृत्रिम भुकटी. म्हणजे जे कापसासारखे दिसते त्याचा बराच भाग प्लास्टिक असतो. एका पाळीला बारा पॅड धरले तरी वर्षाला दीडशेच्या आसपास होतात. पस्तीस वर्षांचा हिशेब पाच हजारांपलीकडे जातो. यातील प्लास्टिक वापरणारीच्या नातवंडांनंतरही जमिनीत टिकून राहणार.

त्यापूर्वी ते कोणाच्या तरी हातून जाते, आणि ते हात बहुतेक वेळा स्त्रीचेच असतात. पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासदांत स्त्रियाच बहुसंख्य आहेत. कचरा वेगळा करताना उघडी किंवा नुसत्या पिशवीत कोंबलेली पॅड त्यांच्या हाताला लागतात. रक्त हा काही अमंगळ पदार्थ नव्हे; पण परक्याच्या रक्तातून रोग संक्रमित होऊ शकतात, आणि एका बाईची लाज दुसऱ्या बाईने रोज निस्तरावी, यात न्यायही नाही. म्हणूनच २०१७ साली पुण्यात असे आवाहन झाले, की पॅड कागदात गुंडाळून त्यावर ठळक तांबडा ठिपका काढावा, म्हणजे पुडी न उघडताच आत काय आहे ते कळेल. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही पॅड नीट गुंडाळून देण्याचे बंधन घातले होते आणि त्यासाठी वेष्टन पुरविण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली होती. जाळून टाकणे हा सोपा उपाय वाटतो खरा. परंतु पुरेशा उष्णतेवाचून प्लास्टिक जाळले की विषारी वायू निघतात. परसात किंवा शाळेच्या आवारातल्या साध्या भट्टीत पॅड जाळणे हे कचरा जमिनीवरून हवेत हलविण्यासारखेच आहे.

पर्यायांचा विचार करताना प्रथम केरळकडे पाहावे. तेथे किनारपट्टीच्या सखल भागात थोडे खणले की पाणी लागते. कचरा पुरणार कोठे? २०१९ साली अलप्पुळा येथे ‘तिंकळ’ नावाच्या योजनेतून सुमारे ५,००० स्त्रियांना पाळीचे कप विनामूल्य देण्यात आले. तिंकळ म्हणजे चंद्र. पुढे जानेवारी २०२२ मध्ये कोचीजवळचे कुंबळंगी हे गाव सॅनिटरी पॅडमुक्त म्हणून घोषित झाले. नुसते कप वाटून हे साधले नाही; त्याबरोबर प्रशिक्षण होते.

हा कप म्हणजे वैद्यकीय प्रतीच्या सिलिकोनची लहानशी घंटा. तो योनिमार्गात बसवितात. तो रक्त शोषीत नाही, साठवितो. आठ ते बारा तासांच्या आत रिकामा करून, धुऊन पुन्हा बसवावा लागतो आणि प्रत्येक पाळीपूर्वी पाण्यात उकळावा लागतो. नीट जपल्यास एकच कप दहा वर्षांपर्यंत चालतो. २०१९ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात ४३ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. गळती पॅडपेक्षा अधिक होत नाही आणि सराव झाल्यावर सुमारे ७३ टक्के स्त्रिया तो पुढेही वापरू इच्छितात, असे त्यात दिसले. मात्र सराव होण्यास काही महिने जातात, हे आधीच सांगितलेले बरे. तांबी बसविलेल्या स्त्रीने डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण कप ओढताना ती सरकू शकते. अविवाहित मुलींच्या बाबतीत घरातील वडीलधाऱ्यांना जी शंका येते, तिला वैद्यकशास्त्रात आधार नाही. शरीरातील एखाद्या पडद्यावरून कोणाच्या चारित्र्याचा निवाडा होत नसतो.

ज्यांना कप नको त्यांच्यासाठी कापड नव्या रूपात परतले आहे. अनेक सुती थरांची, गुंडी लावता येणारी, शिवलेली घडी थंड पाण्यात भिजवून, साबणाने धुऊन उन्हात वाळविली की पुन्हा तयार होते. अशा पुनर्वापराच्या पॅडसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२१ मध्ये स्वतंत्र मानक ठरविले. केळीच्या धाग्यांपासून केलेली, एकदाच वापरावयाची पॅडही मिळतात. परंतु पुड्यावर ‘विघटनशील’ असे छापले म्हणून भागत नाही. तळाचा थर कशाचा आहे आणि तो घरच्या खतखड्ड्यात कुजतो की त्याला खास कारखानाच लागतो, हे पाहावे लागते.

मुंबई-दिल्लीच्या सदनिकेत राहणाऱ्या स्त्रीला नळ आणि बंद दाराचे न्हाणीघर आहे. तिला कप किंवा कापड सहज पेलते. फडाशेजारी पाचटाच्या कोपीत सहा महिने काढणाऱ्या ऊसतोड कामगार स्त्रीला हात धुण्याइतके पाणी मिळण्याची भ्रांत. तिने पॅड वापरले तर दोष तिचा नव्हे. तिच्या मुक्कामी पाण्याची टाकी, आडोसा आणि उन्हात बांधलेली एक दोरी आल्यावर निवडीचा प्रश्न तिला विचारता येईल. तोवर तिच्यासाठी कागद आणि तांबडा ठिपका पुरे.